घरच्या घरी ब्रेक पॅड आणि डिस्क : एक सोपी कृती

लागणारा वेळ : मिस्त्रीला पाऊण तास, तुम्हाला अख्खा शनिवार आणि अर्धा रविवार. लागणारी माणसं : एक. जमणारी माणसं : आमच्या आर्णीत (जिल्हा यवतमाळ) असाल तर दहा-बारा. अवघडपणा : पुस्तकात वाचताना काहीच नाही, अंगणात बसल्यावर बेताचा, बायको दारात येऊन उभी राहिली की भरपूर.

कृती नवशिक्यांसाठी आहे. लिहिणाराही नवशिकाच आहे. तीस वर्षं पोरांना मराठी शिकवलं, निवृत्त झालो, आणि या विषयातला माझा सगळा अनुभव एका गाडीच्या दोन चाकांएवढा आहे. पण जाणकाराने लिहिलेल्या कृतीत एक खोट असते : त्याला चुका आठवत नाहीत. ‘कॅलिपर सोडवून बाजूला ठेवा’ असं तो एका ओळीत लिहून मोकळा होतो, आणि ते ठेवायचं कुठे या विवंचनेत आपला अर्धा तास जातो. मला सगळ्या चुका आठवतात. त्या झाल्या त्याच क्रमाने पुढे दिल्या आहेत. वाचकाने गाळून घ्याव्यात.

सर्वप्रथम स्पोर्ट्‌स कार मिळवा

मराठी माणसाच्या घरात स्पोर्ट्‌स कार शिरली ती २००२ साली, तीही वर्तमानपत्रातून. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून सचिनला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, मायकेल शूमाकरच्या हातून. पुढे आमच्या स्टाफरूममध्ये तिच्या वेगावर कमी आणि तिच्या आयात शुल्कावर जास्त बोललं गेलं. देशी गाडीचेही प्रयत्न झाले. दिलीप छाब्रियांच्या डीसीने २०१२ च्या ऑटो एक्स्पोत अवंती दाखवली. टाटांनी मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात रेसमो नावाची दोन आसनी गाडी मांडली. ती बाजारात आलीच नाही. यांपैकी एकही गाडी मी आर्णीच्या रस्त्यावर पाहिलेली नाही.

आमच्या भागातली अस्सल स्पोर्ट्‌स कार म्हणजे शंकरपटातला छकडा. दोन बैल, दोन चाकं, एक हाकणारा आणि सेकंदांचा हिशोब. सुप्रीम कोर्टाने ७ मे २०१४ ला बैलांच्या शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात पुन्हा धावू दिल्या आणि १८ मे २०२३ ला त्यावर शेवटची मोहोर उठवली. मधली साडेसात वर्षं म्हणजे हिशोबाने बरोबर साडेसाती. एवढा मोठा ब्रेक ज्या वाहनाला लागला, त्याला स्वतःचा ब्रेक नसतो. कासरा असतो, आणि पटाच्या शेवटाला उभ्या असलेल्या लोकांची पळायची तयारी असते.

माझ्या वाट्याला आलेली स्पोर्ट्‌स कार भाच्याची. पुण्याहून आणलेली सेकंडहँड स्विफ्ट, एमएच-१२ची पाटी (आपली एमएच-२९ लागली तर भाव उतरतो, असं त्याचं म्हणणं), रंग लाल, मागे डिकीवर पंख. पुढच्या कॅलिपरना पिवळा रंग. मागच्या चाकांवर ‘ब्रेम्बो’चे स्टिकर. ब्रेम्बो ही इटलीची, शर्यतीच्या गाड्यांचे डिस्क ब्रेक करणारी नावाजलेली कंपनी. तिचा एक कारखाना आपल्या चाकणला आहे. भाच्याच्या गाडीपर्यंत त्यांचा स्टिकर तेवढा पोचला होता, आणि तोही नेमका ड्रमवर. या गाडीला डिस्क फक्त पुढे असतात, मागे ड्रम, हे त्याला मी सांगितलं तेव्हा तो मला म्हणाला, “मामा, कोन वाकून पाह्यते?”

गाडी काय म्हणते ते ऐका

पॅड संपत आले की गाडी सांगते. पॅडला एक लहानशी पोलादी पट्टी जोडलेली असते. पॅडवरचं घासणारं सामान दोन-तीन मिलिमीटर उरलं की ती पट्टी डिस्कला टेकते आणि चीं असा आवाज येतो. हा आवाज मुद्दाम ठेवलेला आहे. कोणीतरी इंजिनिअरने बसून असा विचार केला की माणूस चाक काढून बघणार नाही, पण कान किटले तर काहीतरी करील. त्या बिचाऱ्याने मोठ्या आवाजाचे स्पीकर धरले नव्हते. भाच्याने महिनाभर गाणी वाढवून लावली.

किंचाळणं डिस्क ब्रेकच्या पत्रिकेतच आहे म्हणा. १९०२ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने या ब्रेकचं पेटंट घेतलं तेव्हा त्याचे पॅड तांब्याचे होते. धातूवर धातू घासला की जे होतं ते होत असे. आमच्या गाडीचंही शेवटी तेच झालं. पॅडवरचं सामान पार संपलं आणि पाठीमागचा पत्रा डिस्कवर घासायला लागला. चींचं खर्र झालं. बसस्टँडसमोरून गाडी जाताना रसवंतीवाला मान वर करून बघायचा, आपलं यंत्र बिघडलं की काय म्हणून.

भाच्याला फारशी चिंता नव्हती, कारण त्याचा ब्रेक हॉर्नमध्ये आहे. समोर काहीही आलं की तो हॉर्न दाबतो आणि समोरच्याने थांबावं अशी अपेक्षा ठेवतो. आर्णीच्या बाबा कंबलपोशांच्या उरुसात, जिथे मुंगीलाही बाजूला सरायला जागा नसते, तिथेही त्याने हेच केलं. वर मला सांगतो, “मामा, स्पोर्ट्‌स कारले पिकअप पाह्यजे, ब्रेकचं काय.”

त्याला मी जे सांगितलं ते इथेही सांगतो. १९५३ साली फ्रान्समध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारच्या सी-टाइप गाडीने जिंकली. तिला डिस्क ब्रेक होते. ड्रमवाल्यांना वळणाच्या कितीतरी आधी पाय दाबायला लागायचा, कारण ड्रम तापले की त्यांची पकड सुटते. जॅग्वारवाले वळणाच्या तोंडापर्यंत सुसाट जायचे आणि मग दाबायचे, तेही तासन्‌तास. वेग त्यांना ब्रेकने मिळवून दिला. भाच्याने हे लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, “पिवळा रंग होता काय त्याले?”

थोडं गणित. नको असेल तर हा परिच्छेद सोडा. गाडी आणि आतले दोघे मिळून साधारण अकराशे किलो धरा. ताशी १०० किलोमीटरवरून ती थांबवायची तर सव्वाचारशे किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते, आणि तिची जवळजवळ सगळी उष्णता होते. ही उष्णता भांड्याखाली लावली तर सव्वा लिटरच्या आसपास गार पाणी उकळेल. २० मार्च २०१४ ला नरेंद्र मोदी आपल्या तालुक्यातल्या दाभडीला ‘चाय पे चर्चा’साठी आले होते, तेव्हापासून चहा हे माप इथे कुणालाही पटतं, म्हणून सांगतो : गाडी एकदा करकचून थांबवली की टपरीवरच्या एका फेरीच्या चहाचं आधण होतं. ते आधण पुढच्या दोन बिडाच्या तबकड्या आणि चार पॅड बहुतांशी अंगावर घेतात. शंभराच्या वेगात सेकंदाला अठ्ठावीस मीटर जमीन मागे पडते, म्हणजे पाय उचलून ब्रेकवर ठेवेपर्यंतच आमच्या गल्लीतली तीन-चार घरं गेली.

सामान जमवा

पॅड चारचा संच मिळतो : उजव्या चाकाचे दोन, डाव्याचे दोन. डिस्क जोडीनेच घ्या. एकाच बाजूची बदलली तर गाडी ब्रेक दाबल्यावर एकीकडे ओढते, नव्या सुनेने माहेराकडे ओढावं तशी. जुनी डिस्क लेथवर घासून घेता येते, पण तिच्या कडेवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याच्या खाली गेली की ती भंगारात. आमच्या डिस्कवर नख फिरवलं तर खाचांमध्ये अडकत होतं, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारखं. आकडा बघायची गरजच पडली नाही.

दुकानात जाऊन ‘रोटर द्या’ म्हणू नका. इंग्रजी पुस्तकात रोटर असतो, आपल्याकडे डिस्क म्हणतात. पॅडला निम्मी माणसं ‘लायनर’ म्हणतात. साल, पेट्रोल की डिझेल, आणि कोणतं मॉडेल हे आरसी बुकातून कागदावर उतरवून न्या. मी नेलं नाही. एका दुकानदाराने आत्मविश्वासाने डबा दिला, मी आत्मविश्वासाने घेतला. यवतमाळ ते आर्णी चाळीसेक किलोमीटर. ते अंतर मी त्या डब्यासाठी चार वेळा कापलं.

ब्रेक ऑइलची एक सीलबंद बाटली आणा. बाटलीवर डॉट ३ की डॉट ४ लिहिलेलं असतं; ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच घ्या. अर्धी राहिलेली, वर्षभर पडलेली बाटली वापरायची नाही. हे तेल हवेतलं पाणी ओढतं, श्रावणात उघड्या राहिलेल्या डब्यातल्या पापडासारखं सादळतं. नवं डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलेलं १५५ च्या पुढे कधीही उकळू शकतं. तेल उकळलं की पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, पॅड दाबले जात नाहीत. शिवाय हे तेल रंग खातं. भाच्याच्या लाल रंगावर एक थेंब सांडला होता. कुठे, ते त्याला अजून माहीत नाही.

आता हत्यारं. चाकाचा पाना आणि जॅक गाडीत असतो. बाकीचं मिस्त्रीकडून आणा. आमच्या मिस्त्रीने माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

“सर, तुमी काहून इतका तरास घेऊन राह्यले? आणा ना गाडी इकडं, मी करून देतो.”

मी म्हणालो, शिकायचंय.

“शिका, शिका,” तो म्हणाला आणि गोटी पान्याचा डबा पुढे सरकवला. “न्या. पन चौदाची गोटी आपल्यापाशी एकच हाय. तेवढी ध्यानात ठेवजा.”

चौदाची गोटी वाचकांनीही ध्यानात ठेवावी.

गाडी उचला

कृतीत लिहिलेलं असतं, गाडी सपाट, पक्क्या जागी उभी करा. आमचं अंगण काळ्या मातीचं आणि महिना आषाढाचा. मागच्या चाकांना दगड लावले, पुढच्या चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले केले (गाडी उचलल्यावर ढिले करायला गेलात तर चाकच फिरतं), जॅक लावला आणि दांडा फिरवायला सुरुवात केली. दहा फेऱ्या झाल्या. गाडी होती तिथेच. आणखी दहा. मग लक्षात आलं, गाडी वर जात नव्हती, जॅक खाली जात होता. कपाशीला जी जमीन मानवते ती जॅकला मानवत नाही. शेवटी बायकोचा धुण्याचा पाट त्याच्याखाली गेला. कृतीतल्या अवघडपणाचा दुसरा टप्पा तिथे ओलांडला गेला.

एक गोष्ट मात्र थट्टा बाजूला ठेवून सांगतो. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात-पाय घालू नका. खाली लोखंडी स्टँड लावा, नसेल तर मिस्त्रीकडून आणा, तोपर्यंत थांबा. विटांच्या चळतीवर गाडी ठेवू नका. वीट आधी काही न सांगता फुटते.

याच सुमारास मंडळी जमू लागतात. बोलवायची गरज नसते.

“सर, काय खोलून राह्यले?”

“ब्रेक.”

“काहून, लागत नव्हते काय?”

दर पाच मिनिटांनी हा संवाद नव्या माणसाशी होतो. आमच्याकडे एक वायरमन होता, एक एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका होते, कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारा एकजण होता आणि बाकीचे वेगवेगळ्या क्षेत्रातले जाणकार. ड्रायव्हरकाकांनी आल्याआल्या जाहीर केलं की खरा ब्रेक हवेचा. तो फुस्स करतो. ज्या ब्रेकला आवाज नाही त्यावर त्यांचा विश्वास नाही.

चाक निघालं की कॅलिपर दिसतो. चिमट्यासारखं डिस्कला धरून बसलेलं बिडाचं बोचकं. मागच्या बाजूला दोन बोल्ट, इथेच चौदाची गोटी लागते. ते काढले की कॅलिपर सुटतो, पण ब्रेकच्या रबरी पाइपाला लोंबकळतो. लोंबकळू देऊ नका. त्या पाइपावर पुढे तुमचा जीव लोंबकळणार आहे. बाइंडिंगच्या तारेने वरच्या स्प्रिंगला बांधून ठेवा. चाकामागची काळी धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. हे मी सांगत असतानाच जिनिंगवाल्याने वाकून जोरात फुंकर मारली. मग म्हणाला, “साफ झालं.”

डिस्क काढा (इथे शनिवार संपतो)

पॅड हाताने निघतात. कॅलिपर ज्या कंसावर बसतो तो कंस आणखी दोन मोठे बोल्ट काढून वेगळा होतो. मग डिस्क नुसती हबवर टेकलेली असते, पुस्तकात. प्रत्यक्षात तिचं आणि हबचं दहा-बारा वर्षांचं सहजीवन झालेलं असतं. मधे गंज असतो. तो कोणालाही सोडू देत नाही.

आधी मी हाताने ओढली. मग भाच्याने लाथ घातली. मग हातोडी आली. वायरमन म्हणाला, तापवा. जिनिंगवाला म्हणाला, रॉकेल टाका, आणि रॉकेल आता कुठे मिळतं यावर चांगली वीस मिनिटं चर्चा झाली. ड्रायव्हरकाका म्हणाले, मागून मारा. मागून मारली. पुढून मारली. डिस्कमधून देवळातल्या घंटेसारखा नाद निघत होता, पण ती जागची हलत नव्हती. अंधार पडला. बायकोने दारातून विचारलं, “अहो, आरती झाली असेल तर जेवायला या.”

रविवारी सकाळी मिस्त्री स्कूटरवरून चालला होता. थांबला, उतरला नाही, इंजिनही बंद केलं नाही.

“सर, डिस्कले दोन बारीक भोकं हायेत ना? आटे असलेले? आठचे बोल्ट टाका त्याच्यात. आन आवळा.”

गेला.

भोकं होती. शनिवारी आम्ही अकरा जणांनी ती पाहिली होती आणि हवा जायला असतील असं ठरवलं होतं. आठ मिलिमीटरचे दोन बोल्ट कूलरच्या स्टँडचे काढले. पाऊस लागल्यापासून कूलरला तसंही काम नव्हतं. दोन्ही बोल्ट बोटांनी फिरवून बसवले, मग पान्याने एकाला अर्धा आटा, दुसऱ्याला अर्धा आटा. बोल्टाची टोकं पलीकडे हबला टेकली. आणखी अर्धा, आणखी अर्धा. पाना जड झाला. कोणी बोलत नव्हतं. ड्रायव्हरकाका वाकले होते. मग टक् असा लहानसा आवाज झाला, सुपारी फुटावी तेवढा, गंजाची लाल भुकटी ओटीतून सांडावी तशी खाली पडली आणि डिस्क माझ्या हातात आली. तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या कमी जोरात एवढं मोठं काम झालेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या चाकाला सात मिनिटं लागली.

जोडा, पण घाई नको

नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेलाचा थर असतो. ब्रेक क्लीनरने तो पूर्ण पुसा. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडा. तिथे कण जरी राहिला तरी डिस्क तिरकी बसते आणि ब्रेक दाबला की पायाला थरथर लागते. जुना पॅड कॅलिपरमधल्या पिस्टनवर ठेवून शिकंज्याने पिस्टन हळूहळू आत ढकला, कारण नवे पॅड जाड असतात आणि पिस्टन बाहेर आलेला असतो. ढकलताना बॉनेटखालच्या टाकीतलं तेल वर चढतं, त्यावर एका माणसाला लक्ष ठेवायला बसवा. ज्या खिळ्यांवर कॅलिपर मागेपुढे सरकतो ते पुसून त्यांना त्यांचंच खास ग्रीस लावा. पॅडला नाही. हे वेगळं सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं, पण आमच्याकडे एकाचं बोट पॅडकडे निघालंच होतं.

पॅड बसवताना घासणारी बाजू डिस्ककडे. यावर हसू नका. एक पॅड मी उलटा बसवला होता, पत्रा डिस्ककडे करून. कॅलिपरही बसला, बोल्टही आवळले गेले. वायरमनने टॉर्च मारून विचारलं, “सर, हा एक पाठ करून काहून बसला?” मी म्हणालो, मागच्या बाकावरचा आहे. आणि खोलून सरळ केला.

मग कंस, कॅलिपर, बोल्ट, चाक, नट. नट तारा काढावी तसे समोरासमोरचे आवळा, गाडी जमिनीवर आल्यावर पुन्हा एकदा पूर्ण आवळा.

सगळ्यात महत्त्वाची पायरी

ही पायरी शेवटी लिहिलेली असते म्हणून लोक वाचत नाहीत. मी वाचली नव्हती.

पिस्टन आपण आत ढकललेला आहे. आता पॅड आणि पिस्टनमध्ये मोकळी जागा आहे. गाडी जागची हलवण्याआधी, बसल्याबसल्या, ब्रेकचं पेडल पुन्हा पुन्हा दाबायचं, ते घट्ट लागेपर्यंत. सात-आठ वेळा, हवं तर वीस वेळा. मग टाकीतल्या तेलाची पातळी बघायची. मगच गाडी सुरू करायची.

मी “झालं” म्हणालो. भाच्याने गाडी सुरू केली, हँडब्रेक सोडला. आमच्या अंगणाला रस्त्याकडे उतार आहे, बेताचा, पावसाचं पाणी निघून जाण्यापुरता. त्या उताराने गाडी चालती झाली. भाच्याने ब्रेक दाबला. पेडल चिखलात पाय जावा तसं तळाला गेलं. त्याने हॉर्न दाबला. पहिल्यांदाच समोर असं काहीतरी होतं जे हॉर्नला ऐकणारं नव्हतं : शेजाऱ्यांनी पावसाळ्याच्या सरपणासाठी रचून ठेवलेली पऱ्हाट्यांची गंजी.

गाडी गंजीत शिरली आणि मऊपणे थांबली. कोणाला काही झालं नाही. उपटलेली कपाशी वाळली की तिच्या काटक्या केवढ्या टणक होतात हे ज्यांनी वेचणी केली आहे त्यांना माहीत आहे. लाल रंगावर बॉनेटपासून आरशापर्यंत पांढऱ्या रेघा उठल्या. भाचा काचेतून माझ्याकडे बघत होता. ड्रायव्हरकाका म्हणाले, “फुस्स झालंच नाही, तवाच मले वाटलं.”

चूक पूर्णपणे माझी. त्या रेघांना भाच्याने आता काळ्या स्टिकरने झाकलं आहे. ज्वाळा आहेत. बऱ्या दिसतात.

ब्रेकला वळण लावा

नवे पॅड आणि नवी डिस्क एकमेकांना अनोळखी असतात. पहाटे, रस्ता मोकळा असताना, ताशी साठवरून वीसपर्यंत बेताने ब्रेक दाबत आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा, मधे गार होऊ द्यायचं. दहा-बारा वेळा. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. तापलेले ब्रेक दाबून उभं राहिलात तर त्या जागी डाग बसतो आणि पुढे थरथर.

आम्ही सोमवारी पहाटे नागपूर-तुळजापूर महामार्गावर गेलो. चौपदरी रस्ता, दोन्हीकडे नुकती उगवलेली कपाशी. भाचा चालवत होता, मी शेजारी मोजत होतो. नवव्या वेळेला दुभाजकाच्या मोकळ्या जागेतून बकऱ्यांचा कळप रस्त्यावर आला, मागे काठी घेतलेला पोरगा. भाच्याचा अंगठा हॉर्नवर गेला आणि पाय ब्रेकवर. गाडी बकऱ्यांच्या बरीच अलीकडे उभी राहिली, सरळ, न ओढता, न किंचाळता. हॉर्न आणखी दोन सेकंद वाजत होता. सवयीने. मग भाच्याने तो स्वतःहून सोडला आणि पेडलकडे वाकून बघितलं, तिथे कोणी नवा माणूस बसलाय की काय अशा नजरेने.

त्यानंतर त्याने मागच्या ड्रमवरचे स्टिकर काढून पुढच्या चाकांना लावले.

आता एक विनंती. त्या शनिवारी आणि रविवारी आमच्या अंगणात जे जे मदतीला आले होते त्यांनी आपापल्या घरी, गाडीच्या डिकीत, कुर्त्याच्या खिशात एकदा बघावं. चौदाची गोटी सापडत नाहीये. मिस्त्रीकडे ती एकच होती. मी रोज गॅरेजसमोरून जातो आणि तो रोज हात पुसत बाहेर येतो. सापडली तर कृपया माझ्याकडे आणून द्यावी, किंवा थेट त्याच्याकडे द्यावी. नाव विचारलं जाणार नाही.